धुळे बंदर

खानदेशाला समुद्र नाही आणि त्याचं आम्हाला कधी फारसं वाईट वाटलेलं नाही. तापी पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते, म्हणजे नातं आहे. पण ते लांब दिलेल्या आतेबहिणीशी असतं तसं. ख्यालीखुशाली कळते, जाणं-येणं नाही. आमच्याकडून समुद्रावर आधी गेला तो कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि इकडे खानदेशातल्या गाठींना सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये तिकडची भांडणं मिटली आणि इकडचा भाव कोसळला. चढलेला भाव आपल्या माहितीशिवाय, कुठल्या तरी परक्या मुलखातल्या भांडणावर उतरतो, हे आमच्या शेतकऱ्याला तेव्हापासून पाठ आहे. कापसामागून केळी गेली. सावदा-रावेरकडची केळी आता न्हावाशेवा बंदरातून आखातात जाते, १३-१४ अंशांच्या गार कंटेनरमध्ये, दचका बसू नये म्हणून खोक्यात नीट बसवून. त्यानंतर मी गेलो. माझी रवानगी एवढ्या काळजीनं झाली नाही.

मी प्रवासी जहाजावर, ज्याला आता सगळे क्रूझ म्हणतात, त्यावर स्वयंपाकघरात असतो. हुद्दा इंग्रजीत ऐकायला बरा वाटतो; काम भाज्या धुणं, सोलणं, चिरणं. सुट्टीवर गावी आलो की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "समुद्र रोज पाह्यत असशीन ना रे?" खरं सांगितलं की लोकांचा विरस होतो. स्वयंपाकघराला खिडकी नसते. झोपायची खोली पाण्याच्या पातळीखाली, दोघांत एक. समुद्र माझ्या उशापासून हातभर अंतरावर, पत्र्यापलीकडे असतो, पण दिसत नाही. अधूनमधून धडका देऊन आपण आहोत एवढं कळवतो. वर आठ-दहा मजल्यांवर बाल्कनीत बसून तो बघतात ते पाहुणे. त्यांना प्रवासी म्हणायचं नाही, गेस्ट म्हणायचं, असा नियम आहे. खानदेशी माणसाला पाहुण्यापुढं ताट मांडायची सवय असतेच. फक्त आग्रह करायचा नाही, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

जहाजावर एक गोष्ट मात्र होत नाही: भरीत. वांगी येतात, भरपूर येतात, काळी-जांभळी, आरशासारखी चकचकीत. पण जहाजाच्या स्वयंपाकघरात उघडी आग नसते, सगळं विजेवर. आणि विजेवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायचं तर बामणोदच्या शेतकऱ्याची माफी मागावी लागेल. आमचं भरताचं वांगं हिरवट पांढरं, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं, आणि ते पऱ्हाट्यांच्या जाळावरच भाजायचं. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. केळीलाही त्याच साली मिळालं. माझ्या सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या सरकारी पुस्तकावर, जन्मगाव म्हणून जे नाव आहे त्याच्या शिवारातल्या दोन्ही गोष्टींना सरकारी ओळखपत्र आहे, ही मला दिलासा देणारी बाब वाटते.

समुद्र दिसत नाही असं कळल्यावर पारावरचा दुसरा प्रश्न येतो. "मंग देश तरी पाह्यतो ना?"

देश बघतो, पण जेवणाच्या दोन वेळांमधून. जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळात ज्याची पाळी नसेल त्यानं खाली उतरावं. तेही सगळ्यांना जमत नाही; धक्क्याला लागलेलं असतानाही आग लागली, पाणी शिरलं तर म्हणून ठरावीक माणसं जहाजावर ठेवावीच लागतात. त्या यादीत नाव लागलं की बंदर जेमतेम दोरखंड बांधायच्या लोखंडी खुंटापुरतं दिसतं. नसेल लागलं तर कार्ड यंत्राला दाखवायचं, यंत्र टिंग करतं, आणि आपण जमिनीवर. शिडीपाशी एक फळा असतो, त्यावर परत यायची वेळ. ती वेळ जगातल्या कुठल्याही वेळेपेक्षा खरी. आपला पासपोर्ट जहाजाच्या कपाटात असतो, आणि जहाज कुणाची वाट बघत नाही. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात खलाशाला तब्येतीसाठी किनाऱ्यावर जाऊ द्यावं असं लिहिलेलं आहे. आई आयुष्यभर हेच सांगत आली: घरात बसू नको, जरा बाहेर फिरून ये. तिच्या वाक्यावर कुठल्या सरकारानं सही केली नव्हती, एवढाच फरक.

आता या चार-पाच तासांत माणूस काय करतो? पाहुणे बसमध्ये बसून चर्च, किल्ला, चित्रांचं दालन असं काहीबाही बघून येतात. आम्ही उतरतो ते फुकट इंटरनेट हुंगत. कोणत्या बंदरात कोणत्या दुकानाच्या पायरीवर बसलं की पासवर्ड लागत नाही, याचा एक तोंडी नकाशा आमच्यात चालत आलेला आहे. आधी गोव्याची मंडळी जहाजावर गेली, मग फिलिपिनो, इंडोनेशियन. प्रत्येकानं त्यात भर घातली. मग पैसे पाठवायचे, टूथपेस्ट घ्यायची, पायांच्या भेगांचं मलम घ्यायचं, जमलं तर केस कापायचे. बार्सिलोनात धक्क्यावरून येणारी बस कोलंबसाच्या खांबापाशी सोडते. १८८८ च्या प्रदर्शनासाठी उभारलेला तो ६० मीटर उंच खांब आणि वर कोलंबस, हात लांब करून. पाहुणे त्याच्या बोटाकडे बघून अमेरिका अमेरिका करतात. बोट अमेरिकेकडे नाहीच, ते भलत्याच दिशेला समुद्राकडे आहे. हे मला माहीत आहे कारण त्या चौथऱ्यावर बसून मी घरी बोलतो. पलीकडून बायको सांगत असते की डीपी जळाली, चार दिवस मोटर बंद आहे, बाग सुकायला लागली. मी विचारतो, वायरमनला सांगितलं का. ती विचारते, तुमच्या मागं तो उंच काय आहे. मी म्हणतो, कोलंबस. ती म्हणते, बरं, मग डीपीचं काय करायचं? कोलंबसाच्या पायथ्याशी बसून अमेरिकेबद्दल अवाक्षर न काढणारा मी एकटाच नसणार. शेजारच्या पायरीवरचा इंडोनेशियन पोरगा गेल्या खेपेला घरच्यांशी म्हशीबद्दल बोलत असावा, हातवाऱ्यांवरून तसं वाटत होतं.

पण तेनेरीफची गोष्ट मला जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

कॅनरी बेटं अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या कडेला, राज्य स्पेनचं. त्यातल्या तेनेरीफ बेटावर तेइदे नावाचा ज्वालामुखी आहे, ३,७१५ मीटर, अख्ख्या स्पेनमधलं सगळ्यात उंच टोक. जहाज सांता क्रूझला लागलं की पाहुणे तिकडे पळतात. मला तेइदे बघायचा होता, खोटं कशाला बोलू. पण शेजारी भाजी चिरणाऱ्या एका जुन्या माणसानं सहज सांगितलं की बेटाच्या उत्तरेकडं बस जाते, आणि तिकडे सगळी केळीच केळी आहे. झालं. खानदेशाहून मुंबई, मुंबईहून विमानानं युरोप, युरोपातून जहाजानं अटलांटिकमध्ये, एवढा फेरा घालून मिळालेले चार-पाच तास मी केळीच्या बागेला द्यायचे ठरवले. माणसाचं मूळ कुठे गाठेल सांगता येत नाही.

बस समुद्राच्या कडेनं गेली आणि वळणावर ती दिसली. डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या, आणि पायरी-पायरीवर केळी. काही बागा जाळीखाली, काही उघड्या, वाऱ्याला आडोसा म्हणून उंच भिंती. उतरलो आणि भिंतीला टेकून आत डोकावलो. झाड ठेंगणं, पान रुंद, घड जमिनीशी झुकलेला. ही तर बसराई! आमच्याकडं आता टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैननं सगळं शिवार व्यापलंय, पण आमच्या घरच्या आबांच्या उमेदीत बसराईच असायची, आणि कॅनरीतली जुनी जातही त्याच बुटक्या कॅव्हेंडिश कुळातली. म्हणजे समुद्रापार येऊन मी भेटलो कुणाला, तर आमच्याच लांबच्या भाऊबंदाला.

आबांना व्हिडिओ लावला. ते ओट्यावर होते. बाग दाखवली. तेइदेचं शिखरही ढगांतून क्षणभर दिसलं होतं, तिकडे मी कॅमेरा वळवला तर आबा म्हणाले, "डोंगर काय दाखवतो, खोड दाखव." मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. दोन खोडांत अंतर किती? पिलं किती ठेवता? ठिबक हाये का? करपा येतो का? रास कितीची पडते? रास म्हणजे घडाचं सरासरी वजन, आणि आमच्याकडं कोणत्याही केळीवाल्याची लायकी या एका आकड्यावर ठरते. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. तेवढ्यात आत काम करणारा एक म्हातारा भिंतीशी आला. त्याला इंग्रजी नाही, मला स्पॅनिश नाही, आबांना दोन्ही नाही. मी दोन बोटांनी अंतर दाखवलं, त्यानं पावलं टाकून दाखवलं. मी फोन त्याच्याकडं केला. आबांनी ओट्यावरून घड कापायची खूण केली, म्हाताऱ्यानं खांद्यावर घड घेतल्याची खूण केली, मग पाठीला हात लावून तोंड वाकडं केलं. आबांनीही पाठीला हात लावला. भावाचं कसं, हे विचारायला आबांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. म्हाताऱ्यानं आकाशाकडे हात केले. इथे दुभाष्याची गरज संपली होती. मी नुसता फोन धरून उभा.

पाणी कुठून येतं, हे मात्र मला नंतर वाचून कळलं. तिथे ज्वालामुखीच्या डोंगरात आडवे बोगदे खणून आतलं पाणी बाहेर आणतात आणि केळीला देतात. आबांना सांगितलं तर त्यांना ती कल्पना पसंत पडली. यावल-रावेरकडं कूपनलिका खाली खाली जाताहेत, आपणही सातपुड्यात आडवं खणायला काय हरकत आहे, असं ते पारावर बोलूनही आले. आणखी एक गोष्ट कळली, ती त्यांना सांगितली नाही, उगाच त्यांना भाव चढेल म्हणून. १५१६ मध्ये एका स्पॅनिश पाद्र्यानं याच कॅनरी बेटांवरून केळीचे कंद नेऊन पलीकडे कॅरिबियनमध्ये लावले, असं इतिहासात नोंदलेलं आहे. कोलंबसही १४९२ मध्ये पलीकडे जाताना इथेच थांबला होता. त्याला साठ मीटरचा खांब मिळाला. कंदांना कोण विचारतो?

किनाऱ्यावर उतरलेल्या नोकरमाणसांचा एक मूळपुरुष आहे, आणि तो खानदेशातून गेलेला आहे. जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या वाचनालयात, म्हणजे एका फळीवर, जूल व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी कादंबरी मला सापडली. ती १८७२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातला साहेब फिलियस फॉग जगभर फिरतो आणि काहीही बघत नाही. बोटीत पत्ते खेळतो. बघतो तो त्याचा नोकर पासपार्तू. बोट मुंबईला लागते, रात्री आठची गाडी पकडायची असते, मधल्या वेळात साहेब त्याला खरेदीला पाठवतो. तो काम उरकून मलबार हिलवरच्या देवळात पायताणासकट शिरतो, मार खातो, आणि टोपी, पायताण, खरेदीचं बोचकं सगळं गमावून गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी धापा टाकत स्टेशनात पोचतो. आमच्यातल्या प्रत्येकाला हा माणूस ओळखीचा वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जाग येते तेव्हा गाडी खानदेशात असते. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता, त्यामुळं त्यानं खानदेशाला फार उदार मनानं सजवलंय. कापूस आहे, तो ठीक. पण पाठोपाठ कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीचे मळे आहेत, आणि इथले ओढे-नाले बहुतेक गोदावरीला मिळतात. मी हे आबांना वाचून दाखवलं. लवंगेवर ते हसले, पण तापीचं पाणी गोदावरीला दिल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. पाण्याच्या वाटपाचा प्रश्न आमच्याकडं विनोदाचा नाही. दुपारी साडेबाराला गाडी बऱ्हाणपूरला थांबते आणि पासपार्तू तिथे खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो, पायात घालून मिरवतो. याचा हिशेब लावला तर तो जळगाव-भुसावळ अनवाणी पार करून गेला. कादंबरीतला महिना ऑक्टोबर होता म्हणून निभावलं. मे असता तर डब्यातून पाय खाली टेकवायची त्याची छाती झाली नसती. आणि बऱ्हाणपूर म्हणजे तरी काय, मोगली खानदेश सुभ्याची राजधानी. आमच्या मुलखानं त्याला उघड्या पायांनी पुढं जाऊ दिलं नाही, असं म्हणायला जागा आहे.

तशी आमच्याकडं बंदराची सोय जुनीच आहे, भुसावळ. मुंबईच्या बॅलार्ड पियरला विलायतेची टपालबोट लागायची, तिथूनच साहेबलोक आगगाडीत बसायचे. १९१२ मध्ये सुरू झालेली पंजाब लिमिटेड, आजची पंजाब मेल, तशीच बोटीच्या तोंडाशी उभी राहायची आणि भुसावळवरून पुढे उत्तरेला जायची. नागपूरकडचा फाटा वेगळा, इटारसीकडचा वेगळा. इंजिनावरची माणसं इथे उतरणार, दुसरी चढणार. उतरलेल्यांनी काही तास झोपायचं, खायचं, आणि परतीची गाडी घ्यायची. त्यांच्यासाठी रनिंग रूम. माझे मामा तिथे खानसामा होते. जुन्या काळी ड्रायव्हर-गार्ड आपापला शिधा डब्यातून आणायचे आणि मामा प्रत्येकाचं वेगळं शिजवायचे: या चुलीवर खांडव्याच्या माणसाची तूरडाळ, त्या चुलीवर बडनेऱ्याच्या माणसाचं पिठलं. लहानपणी मी तिथे जाऊन बसायचो. रात्री-अपरात्री कॉल बॉय वही घेऊन यायचा, झोपलेल्या ड्रायव्हरला हलवून उठवायचा आणि झोपेतच त्याची सही घ्यायचा. जगाच्या पाठीवर कुठेही गेलो तरी गजर झाला की मला तो वहीवाला आठवतो.

एका इटारसीच्या ड्रायव्हरला मी पोरवयात विचारलं होतं, "काका, भुसावळ बघितलं का?" त्यांनी विचार करून सांगितलं की न्हावी बघितला आहे, भाजीबाजार बघितला आहे आणि एका थेटरात अर्धा सिनेमा बघितला आहे. उरलेला अर्धा पुढच्या खेपेला बघायचा होता, पण तोवर सिनेमा बदलला. मला तेव्हा त्यांचं हसू आलं होतं. आता बार्सिलोनाबद्दल कुणी विचारलं तर माझं उत्तर याहून फार लांब जात नाही.

तर या सुट्टीत डोक्यात एक खूळ आलं. धाकटी बहीण धुळ्याला दिलेली आहे. तिच्याकडं आजवर गेलो ते असं: बसमधून उतरलो, रिक्षा केली, घर आलं, जेवलो, आडवा झालो, चहा झाला, रिक्षा केली, बसमध्ये बसलो. नेपल्सच्या गल्ल्या मला पाठ आहेत आणि धुळ्यात बहिणीच्या सोसायटीचं फाटक सोडून काही माहीत नाही. म्हटलं, धुळ्याला बंदर समजू या. सकाळी लागायचं, संध्याकाळी सुटायचं, आणि जहाजाचे सगळे नियम पाळायचे. पहिला नियम, परतीची वेळ आधी ठरवायची. दुसरा, पायी हिंडायचं. तिसरा माझ्या पदरचा: नातेवाइकांकडं शेवटी. आधी गेलो तर शहर संपलं.

आईनं पिशवी भरून दिली होती. बिबडे, केळीचे वेफर्स आणि भरताची चार मोठी वांगी. थंडीचे दिवस, भरताचा हंगाम. पिशवी जड होती, पण बंदरात उतरताना हात मोकळे असावेत हा नियम आईला कोण सांगणार?

धुळे खरंच बंदर आहे, हे मला एस.टी. शहरात शिरतानाच कळलं. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपूर-कलकत्त्याकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. ढाब्यांवर ट्रक लागलेले. पंजाबातला, तामिळनाडूतला, बंगालमधला. टाकीवर अंघोळ करणारे, बाजेवर आडवे झालेले, फोन कानाला लावून येरझाऱ्या घालणारे. त्यांच्यातल्या एखाद्याला विचारलं असतं, धुळे कसं आहे, तर पंक्चरवाल्याचं नाव सांगितलं असतं. पाणी तेवढं कमी. पांझरेच्या पुलावरून खाली बघितलं तर नदी होती, पण गलबत लागेल एवढा विश्वास वाटला नाही.

आग्रा रोडनं पाचकंदिलाकडं चालत गेलो. धुळ्याच्या पेठेतल्या गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली, दुसरी, तिसरी. न्यूयॉर्कला पाहुणे अशाच नंबरी रस्त्यांचं किती कौतुक करतात! तिथला चौकटींचा आराखडा १८११ चा. इकडे १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज पहिला अधिकारी म्हणून आला. त्यानं धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि सरळ, रुंद रस्त्यांची नवी पेठ आखली. म्हणजे मधे फार वर्षं गेलेली नाहीत. पण धुळेकराला याचं काही नाही. एका दुकानदाराला मी विचारलं, "सहावी गल्ली कुठे?" तो म्हणाला, "पाचवीनंतर." यापेक्षा अचूक मार्गदर्शन मला कुठल्याही बंदरात मिळालेलं नाही.

राजवाडे संशोधन मंडळात गेलो. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर हिंडले. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या दप्तरातून कागद जमवत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड त्यातून झाले. १९२६ मध्ये ते धुळ्यातच गेले आणि त्यांचा संग्रह इथे राहिला. दारात पिशवी ठेवायला सांगितली. "काय आहे आत?" "वांगी." त्या गृहस्थानं पिशवी हातात घेऊन वजन बघितलं आणि बामणोदची का, असं विचारलं. त्यानंतर आमचं इतिहासापेक्षा भरतावर जास्त बोलणं झालं. आत मूर्ती होत्या, नाणी होती, जुनी पानं होती. मोडी अक्षरांच्या एका ओळीपुढं बराच वेळ उभा राहिलो. मोडी मला येत नाही, पण लिहिणाऱ्यानं कुठे बोरू पुन्हा शाईत बुडवला ते दिसतं, तेवढंच बघत होतो. पुढं समर्थ वाग्देवता मंदिर; शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवली ती तिथली. तिथंही पिशवी बाहेर. लळिंगचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याच्या रानातला लांडोर बंगला राहून गेला. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथे राहिले होते, आणि दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसं जमतात. तिकडे जाऊन यायचं तर फळ्यावरची वेळ चुकली असती. प्रत्येक बंदरात एक ठिकाण राहतंच.

तुरुंग मात्र मला बघायचाच होता. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं त्यांनी गीतेवर दिली. ऐकायला कैदी. आणि अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून चळवळीत आलेले साने गुरुजी तिथंच कैदेत, ते बोललेलं भराभर उतरवून घेत. त्याचं पुस्तक झालं, ते आमच्या घरातही आहे, आईच्या पोथ्यांच्या गठ्ठ्यात. मला नेहमी त्या रविवारांचं नवल वाटतं. आम्हाला चार तास बाहेर सोडलं तर आम्ही मलम आणि टूथपेस्ट घेऊन येतो. त्यांना बाहेर सोडतच नव्हते, आणि तरी ती माणसं आठवड्याला एक अध्याय चालून यायची. साने गुरुजींचा लिहायचा वेग काय असेल? जहाजावर ऑर्डर उतरवून घेणारे मी बघतो; एक वाक्य चुकलं तर सगळी पंगत चुकते.

फाटकाशी गेलो. पहारेकऱ्यानं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. "मुलाखत का?"

"नाही, नुसतं बघायला आलोय."

"काय बघायला?"

"तुरुंग."

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बिचाऱ्याचा दोष नाही, तुरुंग बघायला वांगी घेऊन कोण येतं? विनोबांचं नाव काढल्यावर तो जरा सैलावला आणि म्हणाला, परवानगी काढून या, आत स्मारक आहे. आता बाहेरूनच बघा. मी बाहेरून बघितलं. भिंत होती. भिंत बघायला फार वेळ लागत नाही, तरी मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन चहा घेत पुन्हा बघितली.

बहिणीकडं पोचलो तेव्हा तिचा पारा चढलेला होता. आईनं सकाळीच फोन करून दादा निघाला असं कळवलं होतं. म्हणजे मी कुठे गडप झालो याची चौकशी दोन जिल्ह्यांत झालेली होती. "बस तर दहालाच लागते," ती म्हणाली. "एवढा वेळ कुठी होता?" मी खरं ते सांगितलं: गल्ल्या, राजवाडे, वाग्देवता, तुरुंग. ती माझ्याकडं बघत राहिली. "आधी जेल पाह्यलं, आन् मंग बहीण?"

तिच्या सासूबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी हयात घालवलेली, निम्म्या तालुक्याला अक्षरं शिकवलेली. घरात मात्र अहिराणीच बोलतात. त्यांनी चष्मा वर केला.

"जेलमा कोन शे तुमनं?"

"कोणी नाही. विनोबा होते."

"आसं." त्यांनी पिशवीतलं एक वांगं काढून देठ तपासला, ताजं आहे याची खात्री केली, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, "मंग सुटनात का त्या?"

"सुटले," मी म्हटलं.

"बरं जायं. च्या ल्या आते, थंडा हुई राह्यना."